प्रेमकथेत जादू कशासाठी?

प्रेमकथा आणि अद्भुतकथा एकाच वेणीत गुंफणाऱ्या कादंबऱ्यांना इंग्रजी पुस्तकबाजारात 'रोमँटसी' असे जोडनाव पडले आहे. रोमान्स आणि फँटसी या दोन शब्दांची ही सांधणी. नायिका बहुधा विशीच्या आसपासची, नायक माणूस नसलेला किंवा माणसाहून काही जास्त असलेला, भोवती राजदरबार, शाप, ड्रॅगन, रानातल्या अमर जमाती, आणि मधोमध दोघांचे प्रेम, असा या पुस्तकांचा साधारण साचा आहे. वाचकवर्ग प्रचंड आहे. अमेरिकन लेखिका रेबेका यारोस यांची 'ऑनिक्स स्टॉर्म' ही कादंबरी 21 जानेवारी 2025 रोजी बाजारात आली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या 27 लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांतही यारोस आणि सारा जे. मास यांच्या जाडजूड पुस्तकांच्या थप्प्या दिसतात. कॉलेजातल्या मुली त्या वाचतात आणि त्यांच्या आयांना प्रश्न पडतो की यात आहे तरी काय.

दोन्ही जातींच्या कादंबऱ्या वाचकाला वेगवेगळे वचन देतात. रोमान्सचे वचन असे की कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असेल आणि शेवट आशादायक असेल. लंडनची 'मिल्स अँड बून' ही 1908 साली सुरू झालेली प्रकाशनसंस्था याच वचनावर पिढ्यान्‌पिढ्या चालली. शेवट आधीच ठाऊक असणे हा या पुस्तकांचा दोष मानला जातो, पण तो आक्षेप फारसा टिकत नाही. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांनाही आख्यानाचा शेवट माहीत असतो. बुवा तिथवर कसे नेतात हे ऐकायला ते बसलेले असतात. फँटसीचे वचन वेगळे आहे. तिथे जग वाटेल तसे असू शकते, पण एकदा ठरवलेले नियम लेखकाने मोडायचे नाहीत. जे. आर. आर. टॉल्किन यांनी 1939 मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात हीच गोष्ट आग्रहाने मांडली होती. कल्पित जगाला आतून सुसंगती हवी. ती तुटली की वाचकाचा विश्वास उडतो.

दोन्ही वचने एकाच पुस्तकात द्यायची तर एक प्रश्न टाळता येत नाही. ही जादू प्रेमकथेला कशासाठी हवी आहे? पुस्तक पारखायची सोपी रीत म्हणजे मनातल्या मनात त्यातली जादू काढून टाकून पाहणे. ती काढल्यावरही प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर जादू ही मांडवाला लावलेली रोषणाई होती. जादू काढताच प्रेमातली अडचण, त्यातला त्याग, त्यातली ओळख यांतले काहीच शिल्लक राहत नसेल, तर मात्र लेखकाने खरी गाठ मारलेली आहे. ही कसोटी काही आजची नाही. मराठी माणसाने लहानपणापासून ऐकलेल्या एका कथेतच ती आहे.

दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचे रूप घेऊन बसतात. तिच्यासमोर पाच नळ, चेहरा तोच, वस्त्रे तीच. महाभारतातल्या या कथेत दमयंती खरा नळ ओळखते ती त्याच्या उणिवांवरून. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. नळाची माळ सुकलेली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, त्याची सावली जमिनीवर पडली आहे. त्या सावलीच्या माणसाच्या गळ्यात ती माळ घालते. इथे जादू काढली तर उरते एक साधे स्वयंवर. जादू आहे म्हणून कळते की दमयंतीला देव नको होता, मरणारा माणूस हवा होता. रघुनाथ पंडितांनी याच कथेवर रचलेले आख्यान मराठीत गाजले आणि त्यातला हंस पाठ्यपुस्तकांतूनही भेटत राहिला. पण कथेचा प्राण त्या सुकलेल्या माळेत आहे.

मराठीचा या विषयाशी आणखी जवळचा संबंध आहे, आणि तो इतका रोजच्या वापरातला आहे की लक्षात येत नाही. 'नॉव्हेल'ला मराठीत आणि कन्नडमध्ये 'कादंबरी' म्हणतात. हे एका नायिकेचे नाव आहे. हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने सातव्या शतकात लिहिलेल्या आणि त्याच्या मुलाने पुऱ्या केलेल्या गद्यकथेची ही गंधर्वकन्या. म्हणजे वाङ्मयाच्या एका अख्ख्या प्रकाराला मराठीने नाव दिले ते प्रेम आणि अद्भुत यांची सांगड घालणाऱ्या पुस्तकाचे. बाणाने कथेचा सांगाडा घेतला तो 'बृहत्कथे'च्या परंपरेतून, आणि 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य हा परंपरेनुसार प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला.

'कादंबरी'ची रचना आजच्या कोणत्याही रोमँटसीहून गुंतागुंतीची आहे. शूद्रक राजाच्या दरबारात एक पोपट येतो आणि गोष्ट सांगू लागतो. त्या गोष्टीत जाबाली ऋषींनी सांगितलेली गोष्ट, तिच्यात राजपुत्र चंद्रापीडाची, तिच्यात पुन्हा महाश्वेतेने सांगितलेली स्वतःची. महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक विरहाने मेला आहे आणि ती अच्छोद सरोवराकाठी तप करत त्याची वाट पाहते आहे. पुढे चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन तिथे पोचतो, कारण न कळता तिच्याकडे ओढला जातो आणि हट्टाला पेटतो. संतापलेली महाश्वेता त्याला पोपट होण्याचा शाप देते. मग कळते की वैशंपायन म्हणजेच पुनर्जन्म घेतलेला पुंडरीक. ज्याच्यासाठी ती वर्षानुवर्षे थांबली, त्यालाच तिने आपल्या तोंडाने शापिले. तिच्या निष्ठेनेच तिचा घात केला. जगातल्या प्रेमकथांत इतका जीवघेणा क्षण फार थोड्या ठिकाणी सापडेल, आणि पुनर्जन्म व शाप या दोन्हींवाचून तो घडूच शकत नाही.

आजच्या वाचकाला बाण जड जातो हेही खरे. समासांची लांबच लांब आगगाडी, वर्णनावर वर्णन, आणि वाट पाहणाऱ्या स्त्रिया. मित्राच्या दुःखाने चंद्रापीडाचा प्राण जातो तेव्हा त्याचा न कुजणारा देह सांभाळत त्याची प्रेयसी कादंबरी बसून राहते. एका वसंतात तिने मिठी मारल्यावर तो जागा होतो. परीकथेत झोपलेल्या राजकन्येला राजपुत्र उठवतो, इथे ते काम तिच्याकडे आहे. पण तोवर तिला करण्यासारखे दुसरे काही बाणाने ठेवलेले नाही. आजच्या लेखिकांनी सगळ्यात आधी बदलले ते हेच.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या दशकांत हा वारसा उघड दिसतो. 1857 साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या हालांचा विषय मांडला, पण लगेच पुढच्या काळात लोकांनी उचलून धरल्या त्या लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' (1861) आणि नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या. त्यांतल्या असंभवनीय प्रसंगांवर टीकाही लवकरच सुरू झाली. 1885 मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी कादंबरी मध्यमवर्गाच्या माजघरात उतरली. तिने तिथे जे पाहिले ते अमोल आहे. मात्र प्रौढांसाठी लिहिलेली अद्भुत प्रेमकथा त्यानंतर हलक्या वाचनात जमा झाली, आणि इंग्रजीतली तिची आजची बहीण हाती आली की मराठी समीक्षक अजूनही तिच्याकडे काहीशा अवघडलेपणानेच पाहतो.

या इंग्रजी बहिणीचे कूळ वेगळे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपुलेयस या लॅटिन लेखकाने क्युपिड आणि सायकी यांची कथा सांगितली. नवरा रात्रीच्या अंधारातच येतो आणि त्याचे तोंड पाहायचे नाही, अशी तिच्यातली अट. 1740 मध्ये फ्रेंच लेखिका व्हिलनव यांनी 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची लांबलचक कथा प्रसिद्ध केली आणि 1756 मध्ये बोमाँ यांनी ती मुलींसाठी आटोपशीर केली. बापाच्या चुकीची भरपाई म्हणून मुलगी श्वापदाच्या वाड्यात राहायला जाते, ही कल्पना तेव्हापासून पुनःपुन्हा नव्या कपड्यांत येत राहिली. ठरवून दिलेल्या लग्नात अनोळखी पुरुषाच्या घरी जाणाऱ्या मुलीची भीती तिच्या मुळाशी आहे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. ती भीती समजावून सांगायला मराठी वाचकाला फ्रान्सपर्यंत जावे लागत नाही.

सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (2015) ही या घराण्यातली सर्वांत गाजलेली नवी कादंबरी. फेयरा ही एकोणीस वर्षांची मुलगी हिवाळ्यात शिकार करून गरीब झालेल्या बापाला आणि दोन बहिणींना जगवते. ती एक लांडगा मारते. तो खरे तर 'फे' या अमर जमातीतला असतो. भरपाई म्हणून तिला टॅमलिन या सरदाराच्या वसंतदरबारात नेले जाते. तिथल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मुखवटे चिकटून बसले आहेत. टॅमलिनवर एक शाप आहे. फे लोकांचा द्वेष करणाऱ्या मानवी मुलीने ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर प्रेम करून ते तोंडाने बोलून दाखवायला हवे, आणि या शापाविषयी तिला काही सांगायची मात्र मनाई. कल्पना पक्की आहे. प्रेम करायचे, पण ते कशासाठी हवे आहे हे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही. मुदत संपायला तीन दिवस असताना टॅमलिन तिला वाचवण्यासाठी घरी पाठवतो आणि ती ते शब्द न बोलताच निघून जाते. इथे जादू आणि प्रेम एकमेकांत नीट रुतलेले आहेत.

दुर्दैवाने लेखिका हे सगळे वाचकाला शेवटाकडे एका दासीच्या तोंडून एकाच दमात सांगून टाकते. तोवरची जवळजवळ दोनशे पाने बाग, जेवणे आणि चित्रकला यांत रेंगाळतात. टॅमलिनच्या सुटकेसाठी फेयराला घातलेल्या कोड्याचे उत्तर वाचकाला क्षणात येते, तिला मात्र शेवटच्या घटकेपर्यंत येत नाही, हेही खटकते. पण याच पुस्तकात एक प्रसंग असा आहे की त्याच्यासाठी बाकीचे माफ करावे. फेयराला वाचता येत नाही. त्याच सुटकेसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षांपैकी दुसरीत भिंतीवर प्रश्न लिहिलेला आहे, तीन दांड्यांपैकी योग्य ती ओढायची आहे आणि वरून खिळ्यांचे तापलेले छत खाली येत आहे. शेजारी साखळदंडात अडकलेला मित्र ओरडतो आहे की उत्तर दे. तिला अक्षरेच लागत नाहीत. ड्रॅगन नाही, राक्षस नाही. गरिबीत शाळा सुटलेल्या मुलीची लाज हीच तिथली सर्वांत भयानक गोष्ट आहे.

दुसरा भाग, 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्यूरी' (2016), पहिल्याहून बराच सरस आहे, कारण तो पहिल्याचा सुखान्त मोडतो. जिच्यासाठी सगळे जिवावर उदार झाले ती जोडी आता एका घरात आहे, आणि टॅमलिन काळजीच्या नावाखाली फेयराला वाड्यात कोंडून ठेवतो. ती रात्री उठून उलट्या करते आणि तो झोपल्याचे सोंग घेतो. जीव वाचवणारा माणूस सोबती म्हणून चांगला असेलच असे नाही, हे लोकप्रिय प्रेमकथेत इतक्या सरळपणे सांगितलेले क्वचित आढळते. मात्र त्याच पुस्तकातला दुसरा नायक ऱ्हायसँड याच्याबाबत लेखिकेने हात आखडता घेतला आहे. पहिल्या भागात त्याने फेयराला गुंगीचे मद्य पाजून दरबारात नाचवले होते. दुसऱ्या भागात त्यामागचे उदात्त कारण सांगितले जाते आणि नायिकेसह सर्वांचे समाधान होते. वाचकाचे होऊ नये. जो न्याय टॅमलिनला लावला तो ऱ्हायसँडला लावला असता तर ही मालिका खूप उंचीवर गेली असती.

रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' (मे 2023) वेगळ्या मातीची आहे. इथे वाड्याच्या जागी लष्करी विद्यालय आहे. व्हायलेट सोरेनगेल ग्रंथपालांच्या शाखेत जाण्यासाठी वाढलेली, सांधे सहज निखळणारी मुलगी. सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते. प्रवेशासाठी उंचावरचा, कठडा नसलेला अरुंद दगडी पूल ओलांडायचा. पडला तो मेला. भीतीने पाय कापू लागले की व्हायलेट इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेली माहिती पुटपुटते. पुलावर चढण्याआधी एका अनोळखी मुलीचे बूट गुळगुळीत तळाचे आहेत हे तिला दिसते आणि ती आपला एक बूट तिला देऊन तिचा एक घेते. दोघी एका पायाने सुरक्षित, एका पायाने धोक्यात अशा पूल पार करतात. पुढच्या सगळ्या विजांच्या कडकडाटापेक्षा हा एक बूट नायिकेबद्दल जास्त सांगतो.

प्रेमकथा व्हायलेट आणि झेडन यांची. तिच्या आईच्या बाजूने झेडनच्या बंडखोर बापाला देहदंड दिलेला आहे. आधी वैर, मग प्रेम, हा साचा जुना. पण यारोस यांनी त्याला जादूची एक चांगली अट घातली आहे. व्हायलेटचा ड्रॅगन टेअर्न आणि झेडनची ड्रॅगन स्गेल हे जोडीदार आहेत आणि त्यांना फार दिवस दूर राहता येत नाही. एकाच्या मृत्यूने ड्रॅगन आणि स्वार यांच्या साखळीतले बाकीचेही मरू शकतात. त्यामुळे या दोघांना एकमेकांचा तिरस्कार करायचीही चैन परवडत नाही. आपला शत्रू जगलाच पाहिजे अशी ही परिस्थिती, आणि ती जादूशिवाय उभी करणे कठीण होते. यारोस यांना स्वतःला सांधे सैल करणारा एहलर्स-डॅनलॉस हा आजार आहे आणि व्हायलेटचे दुखरे शरीर त्यांनी जाणून लिहिले आहे. पट्ट्या बांधून, खोगिराची मदत घेऊन ती स्वार होते. शेवटी चमत्काराने धडधाकट होत नाही. ही गोष्ट कौतुकाची.

तरी या पुस्तकाची भाषा सपाट आहे. नायकाचे दिसणे किती वेळा वर्णावे याला काही मर्यादा हवी होती. राज्य, सीमा, युद्ध यांचा तपशील गरज लागेल तसा पुढे येतो आणि मग विसरला जातो. पुस्तकातला खरा ऐवज आहे तो इतिहासाचा. राज्याने आपल्या शत्रूविषयीची नोंदच ग्रंथालयातून पुसून टाकली आहे, आणि हे ज्या मुलीला कळू शकते ती ग्रंथपाल व्हायची होती. एवढा मोठा धागा हातात असताना लेखिका पुनःपुन्हा शयनगृहाकडे वळते.

नेओमी नोविक यांच्या दोन कादंबऱ्या याच प्रांतातल्या, पण वेगळ्या हाताच्या. 'अपरूटेड' (2015) हिला नेब्युला पुरस्कार मिळाला. पोलिश लोककथांच्या वळणाच्या या गोष्टीत एक जादूगार दर दहा वर्षांनी खोऱ्यातली एक मुलगी मनोऱ्यात नेतो. सगळ्यांना वाटते देखण्या कासियाला नेईल. नेतो तो सतत कपडे फाडून घेणाऱ्या अग्निएश्काला. माणसे गिळणारे रान, आणि त्यातून मैत्रिणीला ओढून आणणारी नायिका, हे भाग झपाटून टाकणारे आहेत. प्रेम मात्र तिथे कमकुवत आहे. शंभर वर्षांहून मोठा जादूगार तिला जवळजवळ प्रत्येक पानावर मूर्ख ठरवतो आणि मग ते प्रेम होते. कासिया आणि अग्निएश्का यांची मैत्री हीच या कादंबरीची खरी प्रेमकथा आहे.

'स्पिनिंग सिल्व्हर' (2018) मध्ये नोविक यांनी ही चूक दुरुस्त केली, आणि अलीकडच्या या जातीच्या पुस्तकांत ती सर्वांत उजवी म्हणावी लागेल. मिर्येम ही एका ज्यू सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की दिलेले कर्ज मागायला त्याची जीभ उचलत नाही. गाव त्याच्याच पैशावर मजेत, घरात मात्र आजारी आईला पोटभर अन्न नाही. शेवटी मिर्येम स्वतः वही घेऊन दारोदार वसुलीला निघते. कोणी कोंबडी देतो, कोणी लोकर; एका दारुड्याच्या कर्जापोटी त्याची मुलगी वांडा घरकामाला येते. मराठी साहित्यात सावकार बहुधा वाड्यात बसलेला खलपुरुष असतो. इथे वसुली करणाऱ्याच्या दारात उभे राहून गोष्ट दिसते, आणि ज्याला गाव परका मानते त्याने मागितलेला हक्काचा पैसाही कसा पाप ठरतो हे कळते.

मिर्येम एकदा सहज बोलून जाते की आपण चांदीचे सोने करतो. तिचा अर्थ व्यापाराचा असतो. पण रानातून जाणारा बर्फलोकांचा राजा ते ऐकतो आणि दारात चांदीच्या नाण्यांची थैली येऊन पडते. पुढच्या खेपेला दसपट, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी दसपट. ती खरोखर सोने करून दाखवते. सोनाराकडून दागिना घडवून, विकून, नफा काढून. ठरल्याप्रमाणे राजाला तिच्याशी लग्न करावे लागते, आणि दोघांचीही इच्छा नसते. या बर्फलोकांत आभार मानणे हा अपमान आहे. उपकार घेतला तर तो फेडायचा, कोरड्या शब्दांनी बोळवण करायची नाही. म्हणून नवरा-बायको रोज घासाघीस करतात. पतीच्या हक्काच्या बदल्यात ती त्याच्याकडून रोज रात्री ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे वसूल करते. या व्यवहारातूनच एकमेकांविषयीचा आदर कणाकणाने साठत जातो. गोड बोलणे कुठेही नाही. दिलेला शब्द पाळणे आहे, आणि प्रेम त्यातच आहे. राजाचे खरे नाव गुपित असते, आणि अखेरीस ते उतरते विवाहाच्या करारपत्रावर. नवऱ्याचे नाव एरवी ओठांवर न आणता उखाण्यातच घेण्याची रीत ज्या घरांत होती, तिथल्या वाचकाला त्या सहीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या सगळ्यांच्या कितीतरी आधीची, मुलांसाठी म्हणून लिहिलेली एक कादंबरी प्रेम आणि जादू यांची गाठ सर्वांत हलक्या हाताने बांधते. ती म्हणजे डायना विन जोन्स यांची 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' (1986). हायाओ मियाझाकी यांचा 2004 चा चित्रपट पुष्कळांनी पाहिलेला असतो, पण पुस्तक बरेच वेगळे आहे. सोफी टोप्यांच्या दुकानात टाके घालत बसते आणि एकटेपणात टोप्यांशी बोलते. एका टोपीला ती चांगल्या नशिबाचे बोल ऐकवते, आणि ती टोपी घेऊन गेलेली साधीसुधी मुलगी पुढे एका सरदाराबरोबर पळून जाते. सोफीच्या बोलण्याने वस्तूंत जीव येतो हे वाचकाला हळूच उमगते, तिला स्वतःला फार उशिरा. चेटकीण तिला नव्वदीची म्हातारी करून टाकते. सांधे धरलेली, काठी टेकणारी ही म्हातारी हाऊल जादूगाराच्या चालत्या वाड्यात शिरते आणि मोलकरीण म्हणून स्वतःच स्वतःला नेमून घेते. चुलीत कॅल्सिफर नावाचा अग्निदैत्य राहतो. तो तोंड खाली घालेल तेव्हाच तव्यावर काही भाजता येते.

तरुण सोफी भित्री होती. म्हातारी सोफी कोणालाही फाडकन बोलते, कारण आता कोण काय म्हणणार? शापाने तिचे तारुण्य घेतले आणि जीभ मोकळी केली. हाऊल दिखाऊ, भेकड, तासन्‌तास न्हाणीघरात घालवणारा. कपाटे आवरताना सोफीने बाटल्यांची उलथापालथ केल्याने केसांचा रंग बिघडतो, तेव्हा तो घरभर हिरवा चिखल ओघळेपर्यंत रडारड करतो. तिच्यासमोर त्याला रुबाब करावा लागत नाही आणि त्याच्यासमोर तिला सुंदर दिसावे लागत नाही. पुढे कळते की शाप उतरवायचा प्रयत्न त्याने केव्हाच केला होता. तो उतरला नाही, कारण सोफीच त्या म्हातारपणाला धरून बसली होती. ज्या मुलीला वाटते की आपल्याकडे कोणी पाहू नये, तिच्या मनाचे यापेक्षा नेमके चित्र वास्तववादी कादंबरीतही मिळणे अवघड. प्रेमाची कबुली पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानांवर येते आणि भांडणाच्या सुरातच येते.

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न घराघरांत येतोच. जोन्स यांची कादंबरी दहा-बारा वर्षांच्या मुलांनी वाचावी. 'स्पिनिंग सिल्व्हर' कॉलेजात जाणाऱ्यांना चालेल. मास आणि यारोस यांच्या पुस्तकांत शरीरसंबंधांची उघड वर्णने आहेत. मास यांची मालिका सुरुवातीला किशोरांच्या फडताळात विकली गेली, 2020 मध्ये प्रकाशकांनी नवी मुखपृष्ठे घालून ती प्रौढांची म्हणून आणली. रंगीत कव्हर पाहून तेरा वर्षांच्या मुलीसाठी ती विकत घेणे योग्य नाही.

अशी कादंबरी मराठीत आणायची तर खरी कसोटी ड्रॅगनला काय म्हणायचे ही नाही. ड्रॅगनला ड्रॅगन म्हटले तरी चालते आणि फे लोकांसाठी यक्ष-गंधर्व हाताशी आहेतच. कसोटी आहे ती 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांची. इंग्रजीत एकच सर्वनाम पहिल्या भेटीपासून शेवटच्या मिठीपर्यंत पुरते. मराठी अनुवादकाला मात्र ठरवावे लागते की टॅमलिनला 'तुम्ही' म्हणणारी फेयरा कोणत्या पानावर 'तू' म्हणते, आणि तो 'तू' मूळ पुस्तकात कुठेच लिहिलेला नसतो. मिर्येम आणि बर्फराजा बहुधा करारावर सही होईपर्यंत 'आपण'वरच राहतील, आणि तो 'आपण' आधी थंड आणि नंतर हळूहळू आदराचा होत जाईल. सोफीचे गणित सर्वांत मजेदार. नव्वदीची म्हातारी म्हणून ती हाऊलला पहिल्या दिवसापासून सहज 'अरे, तुरे' करेल, नातवाला करावे तसे. शाप उतरून ती पुन्हा तरुण होते तेव्हा तो 'तू' तिच्या जिभेवर तसाच असतो. फक्त आता तो आजीचा नसतो.